गोजराबाईंचा एक पांढरा दात

अर्धं पिळलेलं लिंबू. मोरीच्या कट्ट्यावर.

हिरडा, मायफळ आणि हिराकस एकत्र कुटलं की काळं होतं. शाईसुद्धा अशीच करतात.

सिग्नलला लाल दिवा असतो, हिरवा असतो. काळा नसतो.

पुण्याकडची माणसं कुठंही पाहुणी गेली की बरोबर लोणावळ्याची चिक्की नेतात.

परसातल्या एका विटेचा कोपरा कुणीतरी घासून गोल केलाय.

खंडोजींचा दाढीचा आरसा सापडत नाही. कालही सापडला नव्हता.

हसताना बाईचा पदर कुठं असतो?

या सगळ्या गोष्टी एकाच तोंडाशी येऊन मिळतात, आणि ते तोंड गोजराबाईंचं.

*

गोजराबाई म्हणजे के. आर. पुरम स्टेशनच्या मालधक्क्यावरचे कारकून खंडोजी यांचं कुटुंब. पन्नाशीला टेकलेल्या, अंगानं भरलेल्या आणि हसण्यानं त्याहून भरलेल्या. त्यांचं हसणं रेल्वे क्वार्टर्सच्या भिंतींना जुमानत नसे. त्या स्वयंपाकघरात हसल्या की फलाटावर पोत्यांना टेकलेला हमाल देवाप्पा उगाचच हसायचा. का हसतोस विचारलं तर म्हणायचा, "मला काय ठाऊक? अम्मा हसल्या."

आणि हसल्या की त्यांच्या तोंडात काळी ओळ चमकायची. पिकल्या जांभळांसारखी, एकसारखी, तुळतुळीत. दात किडलेले नव्हते, रंगवलेले होते. शहाजीराजांच्या फौजेबरोबर जी मराठा घराणी या मुलखात उतरली, त्यांनी येताना आणलेल्या कितीतरी गोष्टी तिकडे कधीच संपल्या आणि इकडे तशाच चालू राहिल्या. दातवण त्यातलंच. नव्या सुनेच्या दातांना सासूनं काळी पूड लावायची, आणि मग नवरा जिवंत आहे तोवर बाईनं ती सोडायची नाही. कपाळावर लाल, दातांवर काळं. अशा दातांच्या बाईला बघून इथल्या म्हाताऱ्या अजून म्हणायच्या, "काय देखणी गं!"

बाकीच्या घरांतल्या सुनांनी एकसष्ट सालापर्यंत हे सगळं गुंडाळून ठेवलं होतं. गोजराबाईंनी नव्हतं. त्याला दोन कारणं होती. एक कारण म्हणजे नणंद अंबूबाई, जिला सगळे अंबूअक्का म्हणत. ती मागच्याच क्वार्टरमध्ये राहायची आणि वहिनीच्या दातांवर पोलिसासारखी नजर ठेवायची. दुसरं कारण गोजराबाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. पेरूला चावा घेतला की पेरूवर रक्त उमटायचं. सकाळी चूळ भरली की पाणी गुलाबी व्हायचं. अशा वेळी दातवणाची चिमूट हिरडीवर दाबली की तुरट झिणझिण्या यायच्या आणि रक्त थांबायचं. दरवेळी थांबायचं. म्हणून गोजराबाईंच्या मते त्यांच्या हिरड्या ठणठणीत होत्या.

*

गणपतीच्या सुटीत मुलगा आला. येसाजी. पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात फोरमन होता, आणि तिथंच अप्पासाहेबांच्या अनुसूयेशी त्याचं जमलं होतं. जमलं म्हणजे रीतसर, पत्रिका वगैरे बघून, पण त्याआधी स्वल्प आपापसातही. दसऱ्याला मुलीचे आई-वडील मुलीला घेऊन बेंगळूरला घर बघायला येणार होते. सांगून झालं, लाडू खाऊन झाले, तरी तो स्वयंपाकघराच्या चौकटीला चिकटून उभा.

"आई, एक सांगू? रागावू नको."

"सांग की."

"ते लोक आले ना, की स्वल्प..."

"स्वल्प काय?"

"स्वल्प कमी हसशील?"

गोजराबाईंनी झारा कढईत ठेवला. "कमी म्हणजे किती? पावशेर?"

"तसं नाही गं. ते दात. तिकडे आता कुणीच लावत नाही. अनुसूयेनं कधी बघितलेलंसुद्धा नाही. ती घाबरेल."

"माझ्या दातांना?"

बाहेरच्या खोलीतून, वर्तमानपत्राच्या मागून, खंडोजींचा आवाज आला, "मी नाही रे घाबरलो इतकी वर्षं."

गोजराबाई हसल्या. अगदी नेहमीसारख्या, खळाळून. पण हसता हसता त्यांचा पदर आपणहून तोंडावर गेला, आणि ते त्यांना स्वतःलाच कळलं. पदर तिथं पूर्वी कधी गेला नव्हता. त्या रात्री त्यांनी ठरवलं की दसऱ्याला आपण हसायचं ते पदर न लावता. आणि त्यासाठी दात पांढरे करायचे.

*

वीट

विटेचा भुगा, मीठ, लिंबू. हे कुणी सांगितलं नाही. पितळेचं तपेलं घासणाऱ्या बाईला ते कुणी सांगावं लागत नाही.

परसात तुळशीकडे पाठ करून, खंडोजींचा दाढीचा आरसा पेरूच्या फांदीला अडकवून, त्या दात घासायला बसत. घासून घासून हात भरून यायचा. एखाद्या कोपऱ्यावर पिवळट ठिपका दिसायचा आणि त्यांना गावात दिवे आल्यासारखं वाटायचं. मग रक्त यायचं. नुसतं गुलाबी पाणी नाही, चांगलं लाल. लिंबानं आग व्हायची ती वेगळी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मग काय करायचं? आयुष्यभर जे केलं तेच. दिवेलागणीला डबी उघडायची, दातवणाची चिमूट घ्यायची आणि हिरड्यांवर दाबायची.

रक्त थांबायचं. सकाळी दात काळेच.

पुन्हा वीट.

असं आठवडाभर चाललं. शेवटी खंडोजींना आरसा पेरूवर सापडला आणि बायको विटेजवळ सापडली.

"अगं, तू दिवसा पांढरं करतेस आणि संध्याकाळी काळं करतेस?"

"काळं नाही करत. रक्त थांबवते."

"मग दात काळे का?"

"ते आपोआप होतात."

खंडोजींनी डबी उघडून वास घेतला. "ही शाई आहे, गोजरा. आमच्या ऑफिसात पूर्वी हीच दौतीत असायची. सहासहा महिने पुसली जात नाही. आणि तू ती विटेनं पुसतेस!"

"तुम्ही आरसा घ्या आणि जा."

*

तेजाब

सिटी मार्केटच्या तोंडाशी एक माणूस बसायचा. पुढ्यात लाल मखमल, मखमलीवर माणसांचे दात पसरलेले, आणि मधोमध एक निळी बाटली. त्याची दखनी हिंदी अशी गोड की ऐकणाऱ्याचं तोंड आपसूक उघडावं. "आव अम्मा, आव. काला दांत, पीला दांत, एक फुंकर में मोती. एक दांत मुफत, देखो और जाव."

गोजराबाई भाजी घ्यायला म्हणून गेल्या होत्या. एक दात फुकट, त्यात काय जातं?

काडीला गुंडाळलेला कापूस बाटलीत बुडला, बाहेर आला, आणि वरच्या मधल्या डाव्या दातावर फिरला. धूर आल्यासारखं वाटलं. मग त्यानं आरसा पुढे धरला.

पांढरा! खडूसारखा, भिंतीसारखा, पुण्यासारखा पांढरा!

आणि त्याच क्षणी हिरडीवर निखारा ठेवल्यासारखं झालं. तो पुढच्या दाताला कापूस लावणार, तोच गोजराबाई उठल्या, कोथिंबिरीच्या जुड्यांवरून उडी मारली आणि सार्वजनिक नळाखाली तोंड धरून उभ्या राहिल्या. मागून तो ओरडत होता, "अम्मा, बाकी के दांत!"

घरी आल्यावर त्यांनी तोंड उघडलं. खंडोजींनी बराच वेळ बघितलं. त्यांच्या मिशा हलू लागल्या.

"हसू नका."

"हसत नाही."

"हसताय."

"अगं, आख्ख्या गल्लीत वीज गेली आहे आणि एकाच्याच घरी दिवा लागलाय, असं दिसतंय."

गोजराबाई हसल्या, आग झाली, रडल्या, पुन्हा हसल्या. अंबूअक्का धावत आली, वहिनीचं तोंड बघून मटकन खाली बसली. "अण्णा, तुझी तब्येत बरी आहे ना रे?" तिनं आधी भावाची नाडी बघितली.

आता दसऱ्याला जेमतेम महिना उरला होता. पूर्वी दात काळे होते, आता ते काळे आणि एक पांढरा होता. यापेक्षा वाईट काही होऊ शकत नाही असं गोजराबाईंना वाटलं. म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जायला हरकत नव्हती. उरलेले तो करून देईल.

*

खुर्ची

(कँटोन्मेंट स्टेशनासमोरची गल्ली. वरच्या मजल्यावर दवाखाना. डॉक्टर वसुमती, वय तिशीच्या आत. यांच्या घरात मराठी, दारात कन्नड. खुर्ची मागे झुकते. गोजराबाई तिच्याबरोबर झुकत नाहीत.)

डॉक्टर : टेका अक्का, पडत नाही. स्वल्प आ करा. अजून. (थांबून) हा एक असा कसा?

गोजराबाई : तो नमुना आहे. तसे बाकीचे करून द्या.

डॉक्टर : कशानं केला?

खंडोजी : मार्केटात. तेजाबानं. फुकट.

डॉक्टर : तरीच. या दाताचं वरचं कवच खाऊन टाकलंय त्यानं. हा पांढरा नाही झाला, सोलला गेला. गार पाणी लागतं का?

गोजराबाई : गार पाणी? गार हवासुद्धा लागते.

डॉक्टर : आणि ही शेजारची हिरडी भाजलीय. (बारीक सळई हिरडीत घालून बघतात. एक दात. दुसरा. गोजराबाईंची बोटं खुर्चीच्या हातात रुततात.) रक्त कधीपासून येतं?

गोजराबाई : कुठं येतं? दातवण लावलं की थांबतं.

डॉक्टर : कधीपासून थांबवताय?

(गोजराबाई आढ्याकडे बघतात. येसाजी पोटात होता तेव्हापासून, असं त्यांना आठवतं.)

डॉक्टर : अक्का, ऐका. या काळ्याखाली किटण आहे, दगडासारखं. ते हिरडीच्या आत शिरलंय. हिरडी दातापासून सुटलीय, खाली पू आहे. याला पायोरिया म्हणतात. खालचे पुढचे चार हलताहेत, तुम्हाला ठाऊक आहे ना?

गोजराबाई : स्वल्प हलतात. सवय आहे.

डॉक्टर : दातवण तुरट आहे, म्हणून रक्त थांबतं. रोग थांबत नाही. हिरडी ओरडत होती आणि तुम्ही तिच्या तोंडात बोळा कोंबत होता.

खंडोजी : (एकदम) म्हणजे लाल सिग्नल! गोजरा, लाल दिवा लागला तर गाडी थांबवतात. तू शिडी लावून दिव्यावर काळा रंग फासत होतीस!

डॉक्टर : अगदी बरोबर, राव.

गोजराबाई : बरं, फासला. पण दात पांढरे करायचं औषध तुमच्याकडे असेल की. सभ्य औषध.

डॉक्टर : आहे. लावणार नाही.

गोजराबाई : सगळे नकोत. वरचे सहा. हसण्यापुरते.

डॉक्टर : एकही नाही. हिरडी धड असेल तर ते औषध दातावर राहतं. तुमची हिरडी उघडी आहे, मुळं उघडी आहेत. ते आत जाईल, जळेल, आणि आज जे चार हलताहेत ते उद्या पडतील. आधी किटण काढायचं, हिरडी बरी होऊ द्यायची. काही महिन्यांनी या. तेव्हा बघू किती उजळ करता येतील. कदाचित तेव्हा तुम्हाला नकोसंही वाटेल.

गोजराबाई : दसरा महिन्यावर आलाय हो!

डॉक्टर : दसरा दरवर्षी येतो. हे दात पुन्हा येत नाहीत.

(खाली गल्लीत चणेवाला ओरडतो. गोजराबाई जिभेनं पांढरा दात चाचपतात.)

डॉक्टर : आणि दातवण आजपासून बंद. वीट, लिंबू, सगळं बंद. मऊ ब्रश, हलक्या हातानं. कोमट पाण्याच्या चुळा. सुरुवातीला रक्त येईल. येऊ द्या. घाबरून डबी उघडू नका.

*

डबी उघडायची नाही! हे ऐकून अंबूअक्कानं दार अडवलं. खरंच, दोन्ही हात पसरून.

"नवरा धडधाकट असताना दातवण सोडायचं? वहिनी, आपल्या घरात ते कुणी सोडतं आणि कधी, ते तुला ठाऊक आहे ना?"

गोजराबाईंना ठाऊक होतं, आणि त्यांचा जीव तिथंच अडकला होता. हिरडीचं एक वेळ जाऊ दे. हे कुंकवाचं होतं. आयुष्यभर दररोज डबी उघडताना त्या मनात एकच म्हणत आल्या होत्या, आणि ते दातांबद्दल नव्हतं. त्या खंडोजींकडे बघत राहिल्या.

खंडोजी जेवत होते. त्यांनी हरभऱ्याच्या डाळीचा तळलेला अंबोडा तोंडात घातला, चावला, सावकाश गिळला.

"अक्का, मी ज्या दिवशी मालगाडीच्या डब्यावरून पडलो, त्या दिवशी हिनं दातवण लावलं होतं का?"

"लावलं होतं की."

"तरी पडलो ना?"

"वाचलासही की रे!"

"वाचलो ते खाली शेंगदाण्याची पोती होती म्हणून." त्यांनी दुसरा अंबोडा उचलला. "हे बघ, मी त्या काळ्या भुकटीवर जगत नाही. मी हिच्या हातच्या अंबोड्यांवर जगतो. आणि हिचे दात गेले तर ही मीठ चाखून कशी बघणार? मग मात्र मी खरंच मरेन."

"अण्णा, असं अभद्र बोलू नको!"

"मग डबी इकडे दे."

अंबूअक्कानं डबी दिली नाही. ती उचलून स्वतःच्या कमरेला खोचली आणि म्हणाली, "मी सांभाळते. लागली तर माग." ही तिची शरणागती होती. त्या बाईकडून याहून जास्त कुणी कधी मिळवलं नव्हतं.

*

किटण निघालं. डॉक्टर वसुमतींनी हातानं खरवडून काढलं, आज वरचं, आठवड्यानं खालचं, आणि गोजराबाईंनी खुर्चीचा डावा हात ढिला केला. खरवडताना दातवणाचे पापुद्रेही निघाले. पहिले काही दिवस चूळ लाल यायची. त्या मोरीशी उभ्या राहून अंबूअक्काच्या कमरेकडे बघत, आणि अंबूअक्का कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघे. मग चूळ गुलाबी झाली. मग एक दिवस पाणी पाण्यासारखं आलं, आणि गोजराबाईंनी देवाप्पाला बोलावून ते दाखवलं. देवाप्पानं मोरीत वाकून बघितलं. "अम्मा, यात काही नाही."

"तेच तर!"

हिरड्या बऱ्या झाल्या, पण दिसायला? हरे राम! सूज उतरली तसे दात लांब दिसू लागले. किटण गेलं तशा फटी उघड्या पडल्या. कुठं करडं, कुठं तपकिरी, कुठं काळ्याचे चट्टे जसेच्या तसे. आणि मधोमध तो खडू. पूर्वीची ओळ काळी तरी होती, पण ओळ होती. हा तर भंगाराच्या दुकानाचा फळा झाला होता.

पाहुणे परवा येणार.

गोजराबाईंनी सकाळची गाडी पकडली. भाजी आणते म्हणाल्या. पिशवीसुद्धा घेतली. पण त्या सिटी मार्केटला कशाला निघाल्या होत्या, ते त्यांना ठाऊक होतं आणि त्या पिशवीलाही ठाऊक असावं. पाच दात. फक्त पाच दात त्या निळ्या बाटलीतून काढायचे, परवाचा दिवस निभवायचा, मग डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायचं. त्या खिडकीशी बसल्या आणि सराव म्हणून हसल्या. तोंड उघडून.

गाडीनं वेग घेतला होता. आश्विनातली गार हवा खिडकीतून थेट आत आली.

सगळे दात गप्प बसले. करडे, तपकिरी, चट्ट्याचे, सगळे. एकटा पांढरा ओरडला. असा ओरडला की गोजराबाईंच्या टाळूपासून मस्तकापर्यंत तार झणाणली. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. समोरच्या बाईनं विचारलं, "एनु अम्मा, काय झालं?"

असे सहा. असे सहा ओरडणारे घेऊन मी पुरणपोळी खाणार? पेरू खाणार? हसणार तरी कशी, हवा तर आतच जाते!

पुढचं स्टेशन बैयप्पनहळ्ळी. गोजराबाई उतरल्या. तिथं भाजी मिळत नाही. परतीच्या गाडीची वाट बघत त्या फलाटावर पदर तोंडाशी धरून बसल्या. एवढं मात्र ठरलं होतं की परवा पदर तिथंच राहील.

*

दसरा

अप्पासाहेब उंच, गोरे, बोलण्यात 'असं बघा' फार. अनुसूया बारीक, चुणचुणीत, येसाजीकडे न बघता त्याच्याकडेच बघणारी. आणि तिची आई सोयराबाई. सोयराबाईंनी उंबऱ्यात पाऊल ठेवलं, मंद हसल्या आणि गोजराबाईंचा पदर आणखी दोन बोटं वर सरकला.

काय ते दात! एका मापाचे, एका रंगाचे, फट नाही, डाग नाही. पुण्याच्या बायकांचे दात असे असतात तर. येसाजीचं काय चुकलं?

गोजराबाई दिवसभर पदराआडून बोलल्या. खंडोजींनी धक्क्यावरचे त्यांचे ठेवणीतले किस्से सांगितले. सगळे हसले. गोजराबाईंच्या घशात हसू वर यायचं आणि पदराला धडकून परत जायचं. येसाजी हे बघत होता. त्याला हवं तेच चाललं होतं आणि त्याला जेवण जात नव्हतं. फलाटावरून येऊन देवाप्पानं अंबूअक्काला गुपचूप विचारलं, अम्मांना बरं नाही का?

सोयराबाई जेवल्याही जेमतेम. पुरणपोळी दुधात कुस्करून घेतली. तांदळाच्या पिठाचं कडक कोडबळं हातात घेतलं, कौतुक केलं, पानाच्या कडेला ठेवून दिलं. "फारच छान झालीत हो."

"खाऊन तर बघा," पदराआडून गोजराबाई.

"पोट भरलं."

चहाच्या वेळी अनुसूयेनं पिशवीतून डबा काढला. लोणावळ्याची चिक्की. आता आपण आणलेली वस्तू आपणच नको कशी म्हणणार? सोयराबाईंनी बारीकसा तुकडा घेतला, गालात सरकवला आणि तो विरघळण्याची वाट बघत बसल्या. तेवढ्यात खंडोजींनी त्यांना थेट प्रश्न विचारला. पुण्यात पाऊस कसा काय? उत्तर द्यायला त्यांनी तोंड हलवलं. चिक्की दातांना चिकटली होती. तोंड उघडलं तसा खालचा जबडा खाली गेला आणि वरची आख्खी ओळ, एका मापाची, एका रंगाची, चिक्कीबरोबर सुटून खाली आली.

सोयराबाईंचा पदर विजेसारखा तोंडावर गेला.

खोलीत दोन बायका बसल्या होत्या, समोरासमोर, दोघींच्या तोंडावर पदर. चार डोळे तेवढे बाहेर.

गोजराबाईंनी ते बघितलं आणि त्यांचं दिवसभराचं हसू एकदमच निघालं. पदर कधी गळला कळलं नाही. डोकं मागे, तोंड उघडं, करडे, तपकिरी, चट्ट्याचे सगळे आणि मधला खडू. हवा आत गेली, पांढरा ओरडला, "अगं आई गं!" म्हणून त्यांनी गाल धरला आणि पुन्हा हसल्या.

अनुसूया डोळे विस्फारून बघत होती. येसाजीनं डोळे मिटून घेतले.

सोयराबाईंनी ते तोंड नीट बघितलं. मग तोंडातली कवळी काढून तळहातावर घेतली, चिक्कीसकट.

"तुम्हालापण भेटला का?" त्या म्हणाल्या. दातांशिवाय त्यांचा आवाज अगदी वेगळा होता, मऊ आणि घरचा. "निळ्या बाटलीवाला?"

"एकच दात केला त्यानं! आग झाली, मी पळाले."

"मी नाही हो पळाले." त्या हसू लागल्या, बोळक्या तोंडानं, अंग गदगदा हलवत. "लग्न होऊन गावाकडनं पुण्यात आले. आमच्याकडेही दातवण होतं. शेजारणी हसायच्या, म्हणून मंडईतल्या तसल्याच एकाकडून सगळे करून घेतले. हिरड्या सुजलेल्याच होत्या, रक्त यायचंच, कोण बघतंय! झाले की पांढरे. आणि मग एकेक करून निघाले. आता आहेत ना पांढरे," त्यांनी तळहात पुढे केला, "रात्री पेल्यात ठेवते."

"आई!" अनुसूया किंचाळली. "तू मला सांगितलं होतंस की देवी आल्या होत्या तेव्हा दात..."

"काहीतरी सांगायला नको? तू घाबरली असतीस."

आता खंडोजी हसले. अप्पासाहेब 'असं बघा' म्हणाले आणि पुढं काही सुचेना म्हणून तेही हसले. अनुसूया गोजराबाईंजवळ येऊन बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. "काकू, परत उघडा ना तोंड. काळे राहिलेत ते दाखवा. कशाचा करतात तो रंग?"

"अक्का," गोजराबाईंनी हाक मारली, "डबी दाखव पोरीला. लावायची नाही बरं. नुसता वास घे."

अंबूअक्कानं कमरेची डबी काढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

येसाजी उठला, आईपाशी आला. "आई, मी तुला म्हटलं होतं ना..."

"काय रे? पावशेर?"

त्यानं ताटातलं एक कोडबळं उचलून आईला दिलं. गोजराबाईंनी ते खालच्या दातांवर धरलं, त्या हलणाऱ्या चारांवर, जरा भीतभीतच. कट्. चारही जागच्या जागी. त्यांनी चावून चावून खाल्लं. सोयराबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि ते बघणं गोजराबाईंना मुळीच लागलं नाही.

"मीठ बरोबर आहे का?" खंडोजींनी विचारलं.

"स्वल्प कमी," त्या म्हणाल्या, आणि तोंड भरलेलं असताना हसल्या. फलाटावर देवाप्पा हसला.

*

गोजराबाईंच्या दातांना पहिल्यांदा दातवण लावलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या, आणि त्या दिवशी स्वतःचे काळे दात बघून बघून त्यांचं हसू थांबेना, शेवटी सासूला त्यांच्या हातातून आरसा ओढून घ्यावा लागला.